फिटनेस स्मार्टवॉच घेण्याआधी: कुठला आकडा मोजलेला आणि कुठला अंदाजाचा?

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, तू पळतेस ना, मग सांग ना कुठलं घड्याळ घेऊ. मी दरवेळी उलटं विचारते, की आधी हे सांग, तुला त्याच्याकडून काय हवंय. आठ-नऊ वर्षं पळतेय, मनगटावर आता तिसरं घड्याळ आहे, आणि एवढ्या काळात एक गोष्ट मला पक्की कळलीये. घड्याळ जे आकडे दाखवतं त्यातले थोडेच ते खरंच मोजतं, बाकीचे सगळे अंदाजाने काढतं, आणि स्क्रीनवर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. ठोके १३८, कॅलरी ४१२, झोप ७८, सगळंच सारखं खात्रीचं वाटतं. म्हणून फायदे-तोटे तोलायला बसाल तेव्हा पहिलं काम हे करा, की प्रत्येक फीचर घ्या आणि विचारा, हे मोजलेलं आहे की अंदाजाचं? एवढं केलंत तर घ्यायचं की नाही आणि घ्यायचं तर कसलं, हे बरंचसं सुटतं.

चला, एकेक घेऊ. काही ठिकाणी मी जास्त वेळ घेणारे, कारण तिथेच लोक फसतात.

हृदयाचे ठोके

घड्याळ उलटं करून बघा, मागे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो, ठोका सरला की पुन्हा वाढतो, आणि हा चढउतार शेजारचा सेन्सर टिपतो. छातीला बांधायचा पट्टा मात्र थेट हृदयाचा विजेचा सिग्नल पकडतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने बिनवायरचं असं ठोके मोजायचं यंत्र १९८२ सालीच आणलं होतं, आणि व्यायाम चालू असताना अचूकपणात मनगटवालं घड्याळ आजही त्या पट्ट्याच्या मागेच आहे.

मागे म्हणजे कसं ते सांगते. माझं पहिलं घड्याळ घेऊन दोनच आठवडे झाले होते, थंडीतली सकाळ, मी मैत्रिणीसोबत अगदी आरामात पळत होते, म्हणजे पूर्ण वाक्यं बोलत, हसत पळत होते, आणि मनगटावर आकडा १७२. घाबरून थांबलेच मी. गळ्याच्या बाजूला दोन बोटं लावली, १५ सेकंद मोजले, ३३ ठोके भरले, चारने गुणलं तर १३२. चाळीसचा फरक! घरी येऊन ॲपमध्ये ग्राफ बघितला आणि खालच्याच ओळीत उत्तर सापडलं, मिनिटाला पडलेली पावलं १७१. म्हणजे घड्याळ माझे ठोके सोडून पावलंच मोजत होतं. पाऊल पडलं की हात हलतो, हाताबरोबर घड्याळ हलतं, तो ताल प्रकाशाच्या सिग्नलमध्ये मिसळतो, आणि त्यात थंडीने हाताला रक्त कमी पोचत असेल तर खरा सिग्नल इतका बारीक होतो की घड्याळ त्या तालालाच ठोका समजतं. पळणारी मंडळी याला कॅडन्स लॉक म्हणतात. तुमच्या घड्याळात आरामाच्या पळण्याला ठोके १६० ते १८०च्या मध्ये अडकलेले दिसले, तर काळजी करण्याआधी पावलांचा आकडा बघा.

यावर उपाय साधेच आहेत पण करायला हवेत. व्यायामाच्या वेळी घड्याळ मनगटाच्या हाडावर ठेवू नका, हाडाच्या वर, म्हणजे कोपराच्या बाजूला, दोन बोटं सरकवा आणि पट्टा एक भोक घट्ट करा, व्यायाम झाला की परत सैल. थंडी असेल तर पहिली दहा मिनिटं अंग गरम होऊ द्या, तोपर्यंतच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मनगटावर गडद टॅटू असेल तर शाई प्रकाश अडवते, दुसऱ्या हातात घाला.

आणि वजनं उचलणाऱ्यांना खास सांगते, डंबेल किंवा बार घट्ट पकडला की मनगट वाकतं, स्नायू ताणले जातात, घड्याळ आणि कातडी यांच्यामध्ये फट पडते, आणि आकडे कुठेही जातात. जोरात-हळू-जोरात असे इंटरव्हल करणाऱ्यांनाही मनगटवाला आकडा उशिराच कळतो, तुमचा जोराचा तुकडा संपत आला की तो वर चढायला लागतो. म्हणून झोन बघून, म्हणजे कमाल ठोक्याच्या किती टक्क्यांवर पळतोय त्याचे टप्पे पाडून, ट्रेनिंग करायचा विचार असेल तर घड्याळ घेताना एकच गोष्ट विचारा, याला छातीचा पट्टा जोडता येतो का. येत असेल तर आत्ता पट्टा घ्यायची गरज नाही, वाट मोकळी राहते एवढं पुरे.

झोनवरून आठवलं. बऱ्याच घड्याळांत झोन आधीच भरलेले असतात आणि ते २२० वजा वय या सूत्रावर काढलेले असतात. ते सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसाचा खरा कमाल ठोका त्याच्यापासून दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणं अगदी सर्रास आहे. वय ४० असेल तर सूत्र १८० म्हणेल, पण तुमचा खरा १६८ किंवा १९२ही असू शकतो, आणि मग सगळे झोन सरकलेले. माझी एक मैत्रीण कित्येक महिने स्वतःला "फारच कमी फिट" समजत होती कारण सगळं पळणं लाल झोनमध्ये दिसायचं, सेटिंगमध्ये कमाल ठोका बदलला तेव्हा कळलं की बाईसाहेब लाल झोनच्या खालीच मजेत पळत होत्या.

आता चांगली बाजू, आणि ही खरंच चांगली आहे. तुम्ही शांत बसलेले किंवा झोपलेले असता तेव्हा हात हलत नाही, सिग्नल स्वच्छ येतो, आणि विश्रांतीचा ठोका बरीचशी घड्याळं छान मोजतात. माझ्या मते अख्ख्या घड्याळातला सगळ्यात कामाचा आकडा हाच. माझा झोपेतला ठोका ५२च्या आसपास असतो. एकदा काही कारण नसताना दोन रात्री ६१ दिसला, तिसऱ्या दिवशी सणकून ताप आला. तेव्हापासून तो आकडा सात-आठने वर गेला की मी त्या दिवशीचं जोराचं ट्रेनिंग रद्द करून नुसती चालून येते. मोजलेला आकडा, रोज त्याच परिस्थितीत मोजलेला, आणि तो बघून मी काहीतरी वेगळं करते. घड्याळाची किंमत वसूल होते ती अशा ठिकाणी.

कॅलरी, आणि वजन कमी करायची आशा

इथे मी जरा कडक बोलणार आहे. कॅलरीचा आकडा पूर्णपणे अंदाजाचा आहे. खरं मोजायचं तर तोंडाला मास्क लावून तुम्ही किती ऑक्सिजन वापरला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते बघावं लागतं, घड्याळाकडे फक्त ठोके, हालचाल, वय, वजन, उंची एवढंच असतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली ६० जणांवर ७ मनगटी यंत्रं तपासली होती, ठोक्यांच्या बाबतीत त्यातली ६ यंत्रं ५ टक्क्यांच्या आत होती, म्हणजे छानच, पण कॅलरीत त्यातल्या त्यात बरं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. ती यंत्रं आता जुनी झाली, सेन्सर सुधारले, हे मान्य, पण अडचण सेन्सरची कमी आणि गणिताची जास्त आहे, एकाच वजनाची दोन माणसं तेच अंतर वेगवेगळ्या कॅलरी जाळून कापतात आणि ते मनगटावरून दिसत नाही.

म्हणून "आज ६०० जाळल्या, म्हणजे ६०० जास्त खाल्ल्या तरी चालतील" हा हिशोब कृपया करू नका. वजन उतरवायचं म्हणून घड्याळ घेत असाल तर आणखी एक गोष्ट ऐका. २०१६ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग आला होता, ४७१ जण, दोन वर्षं, सगळ्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन, त्यातल्या अर्ध्यांना दंडावर बांधायचं हालचाल मोजणारं यंत्रही दिलं. दोन वर्षांनी यंत्रवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं आणि बिनयंत्रवाल्यांचं ५.९ किलो! यावरून यंत्र वाईट असं मी म्हणत नाही, पण यंत्र बांधलं म्हणजे वजन उतरेल हे गृहीत धरून पैसे टाकू नका.

पावलं

पावलं घड्याळ बऱ्यापैकी मोजतं, हात हलत असेल तर. ट्रॉली किंवा बाबागाडी ढकलताना, खिशात हात घालून चालताना हात स्थिर असतो, मग पावलं गळतात. रोजचा आकडा शेकड्याने इकडेतिकडे होतो तो सोडून द्या, आठवड्याची सरासरी बघा.

आणि ते १०,००० पावलांचं टार्गेट कुठून आलं माहितीये? १९६५ साली जपानमध्ये मानपो-केई नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, नावाचा अर्थच "दहा हजार पावलांचं मीटर", तिथून ते चिकटलं ते चिकटलंच. २०१९ सालच्या एका अभ्यासात सरासरी ७२ वयाच्या १६,००० पेक्षा जास्त बायका होत्या, त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा स्पष्ट कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फायदा दिसेनासा झाला. घरातल्या वयस्कर माणसाला घड्याळ देत असाल तर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन टार्गेट बदला. आजच्या सवयीपेक्षा हजार-दीड हजार जास्त ठेवा, जमलं की वाढवा. रोज संध्याकाळी "टार्गेट अपूर्ण" बघून माणूस चालायचंच सोडून देतो, हे मी घरात बघितलंय.

झोप, रिकव्हरी, एचआरव्ही, व्हीओटू मॅक्स

झोपेचे टप्पे खरे मोजायचे तर डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. घड्याळाकडे हालचाल आणि ठोके. त्यामुळे किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात हे ते बरं सांगतं, पण गाढ किती, स्वप्नांची किती, हा अंदाज. जागे राहून नुसतं निपचित पडलात तर तेही झोपेत धरतं. मी झोपेच्या स्क्रीनवर फक्त एक गोष्ट बघते, अंथरुणावर पडायची वेळ, कारण माझ्या हातात तेवढंच आहे. स्कोअर मी लपवून टाकलाय. छान झोप लागलेली असताना सकाळी स्कोअर ५४ बघून दिवसभर थकल्यासारखं वाटणं, हे बऱ्याच जणांना होतं, झोपेच्या आकड्यांच्या मागे लागून झोपच बिघडण्याला संशोधकांनी २०१७ साली ऑर्थोसोम्निया असं नावही दिलंय. तुमचा स्वभाव काळजी करण्याचा असेल तर हा मोठा तोटा आहे, तो कागदावर लिहून ठेवा.

एचआरव्ही म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं ते. झोपेत मोजला तर आकडा उपयोगी आहे, पण फक्त स्वतःशी तुलना करायला. माझा ४५ आणि तुमचा ८० म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा फिट असं काही नसतं. निदान तीन आठवडे रोज घालून झोपलात तरच तुमची नेहमीची पातळी कळते, त्याआधीच्या चढउतारांकडे बघू नका.

मग येतात ते "आज शरीर तयार आहे ६३ टक्के" वगैरे स्कोअर. हे अंदाजावर रचलेले अंदाज. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, त्याचंही तसंच, तुमचा वेग आणि त्या वेगाला पडलेले ठोके यावरून घड्याळ तो काढतं, म्हणजे ठोके चुकले की पुढचं सगळं चुकलं. त्या १७२वाल्या सकाळी माझा व्हीओटू मॅक्स एका पळण्यात दोनने खाली आला होता, ट्रेनिंगचा ताण "अति" दाखवत होता आणि ६० तास विश्रांती घ्या म्हणून सल्ला, आणि मी तर गप्पा मारत पळून आले होते! एक चुकीचा आकडा मुळाशी गेला की वरचे पाच आकडे कसे वाकडे होतात ते मला त्या दिवशी नीट दिसलं. तीन-चार महिन्यांचा कल बघायला मात्र व्हीओटू मॅक्स चांगला आहे, वर जातोय की खाली एवढंच बघा.

ईसीजी, ऑक्सिजन, बीपी, शुगर

ईसीजी काही घड्याळांत खरंच मोजला जातो, कडेला बोट टेकवून ३० सेकंद बसायचं. ॲपल वॉचमध्ये तो २०१८ साली आला. पण ही एकाच लीडची, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारी, पट्टी असते, दवाखान्यातल्या १२ लीडच्या ईसीजीची जागा ती घेत नाही, आणि हार्ट अटॅक घड्याळाला ओळखता येत नाही. छातीत दुखत असेल आणि घड्याळ "सगळं नॉर्मल" म्हणत असेल, तरी घड्याळाचं ऐकू नका, सरळ मदत मागा. त्याला जमतं ते एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या अनियमित तालाबद्दल सावध करणं. ॲपलच्या पैशांतून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०१९ साली प्रसिद्ध झाला, सुमारे ४ लाख १९ हजार लोक होते आणि त्यातल्या फक्त ०.५२ टक्क्यांना असा इशारा आला. म्हणजे घड्याळ ऊठसूट घाबरवत नाही. इशारा आलाच तर पट्टी सेव्ह करून डॉक्टरांना दाखवा, स्वतः निष्कर्ष काढू नका.

रक्तातला ऑक्सिजन लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशाने बघतात, हात गार असला किंवा पट्टा सैल असला की आकडा खाली येतो, बोटाला लावायची क्लिप जास्त भरवशाची. रात्रभर चालू ठेवला तर बॅटरी खातो, मी बंद ठेवलाय. बीपी दाखवणारी काही घड्याळं दंडाच्या खऱ्या मशीनशी दर चार आठवड्यांनी जुळवावी लागतात, म्हणजे मशीन घरात हवंच.

आणि शुगर. सुई न टोचता, कातडीला भोक न पाडता शुगर मोजतो असं म्हणणारं घड्याळ दिसलं तर दुकानातून बाहेर या. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं, की असं स्वतःहून शुगर मोजणारं एकही स्मार्टवॉच किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. त्या आकड्यावर कोणी इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं. दंडाला सेन्सर लावतात आणि त्याचा आकडा घड्याळावर दिसतो, ती गोष्ट वेगळी, तिथे मोजतो तो दंडावरचा सेन्सर.

जीपीएस

पहिला प्रश्न, घड्याळात स्वतःचं जीपीएस आहे की ते फोनचं वापरतं? डब्यावर बऱ्याचदा दोन्हीकडे मोठ्या अक्षरात "जीपीएस" एवढंच लिहिलेलं असतं आणि बरेच जण इथे अडकतात. तपशिलात "कनेक्टेड जीपीएस" लिहिलं असेल तर फोन खिशात घेऊन पळावं लागेल. तुम्ही तसंही फोन नेतच असाल तर हा तोटाच नाही, पैसे वाचवा.

उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि नकाशात तुम्ही रस्ता सोडून इमारतीतून पळताना दिसता. ड्युअल फ्रिक्वेन्सी म्हणजे उपग्रहाचे एल-१ आणि एल-५ असे दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे सिग्नल पकडणारी घड्याळं इथे बरीच सुधारतात, पण बॅटरी जास्त जाते. मोकळ्या मैदानात, गावाबाहेरच्या रस्त्यावर पळणाऱ्याला त्याचे जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. एक सवय मात्र लावा, सिग्नल लॉक झाला असं दिसेपर्यंत सुरू करू नका, अर्धा मिनिट थांबलात तर पहिल्या किलोमीटरचा घोळ टळतो.

बॅटरी आणि स्क्रीन

जाहिरातीतले "१४ दिवस" हे जीपीएस न वापरता असतात. तुम्ही बघायचा आकडा वेगळा, जीपीएस चालू ठेवून किती तास. आणि हे फक्त सोयीचं नाही. लिथियम बॅटरी काही शे चार्जिंग झाली की क्षमता गमवायला लागते. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ वर्षाला ३६५ फेऱ्या करतं, आठवड्यातून एकदावालं ५२. तीन वर्षं वापरायचं मनात असेल तर हा हिशोब घेतानाच करा, कारण बहुतेक घड्याळांची बॅटरी बदलून घेणं सोपं नसतं. शिवाय रोज चार्जिंग म्हणजे कधी लावणार? रात्री लावलं तर झोपेतला ठोका गेला, आणि मी मघाशी सांगितलं तोच सगळ्यात कामाचा आकडा.

अमोलेड स्क्रीन, म्हणजे स्वतः उजळणारी, देखणी असते. एमआयपी स्क्रीन, म्हणजे बाहेरच्या उजेडावर दिसणारी, फिकट दिसते, दुकानात बघून कोणीच घेणार नाही, पण भर उन्हात ती जास्त स्पष्ट वाचता येते आणि बॅटरी कमी खाते. टचबरोबर खरी बटणं आहेत का तेही बघा, घामेजल्या बोटांनी टच चालत नाही.

पाणी आणि कातडी

घड्याळावर लिहिलेलं ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोल जाता येतं असा अर्थ होत नाही, तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे. पोहायला चालतं, डायव्हिंगला नाही. गरम पाणी, वाफ आणि साबण यांनी रबरी सील कमकुवत होतात, तेव्हा आंघोळीला काढून ठेवा. समुद्रात पोहलात तर नंतर साध्या पाण्याने धुवा.

कातडीचं लोक मनावर घेत नाहीत. पट्ट्याखाली घाम आणि साबण साचतो, कातडी कोंडते, पुरळ उठतं. दर दोन दिवसांनी पट्टा धुवा, कोरडा करून घाला, दिवसात तासभर मनगट मोकळं ठेवा. निकेलची ॲलर्जी असेल तर बकल कशाचं ते विचारा. पट्टा साध्या २० किंवा २२ मिलिमीटरचा असेल तर कुठूनही बदलता येतो, खास आकाराचा असेल तर त्याच कंपनीकडे जावं लागतं.

फोन, डेटा, वर्गणी

ॲपल वॉचला आयफोनच लागतो. २०२१ सालच्या मॉडेलपासूनची सॅमसंगची गॅलेक्सी वॉच आयफोनशी चालत नाहीत. पुढच्या वर्षी फोन बदलायचा विचार असेल तर घड्याळ आत्ता घेऊ नका, आधी फोन ठरवा.

कुठली फीचर्स महिन्याच्या वर्गणीमागे आहेत ते नीट वाचा, काही ठिकाणी घड्याळ मोजतं पण नीट दाखवायला पैसे मागतं. तुमचं रेकॉर्ड फिट (.fit) किंवा जीपीएक्स (.gpx) प्रकारच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतं का, हे मी सगळ्यांना विचारायला लावते. स्मार्टवॉच बनवणारी पेबल कंपनी २०१६ साली बंद पडली आणि २०१८ मध्ये तिचे सर्व्हरही थांबले. गार्मिनसारख्या मोठ्या कंपनीवर जुलै २०२० मध्ये सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस ॲपला डेटाच जात नव्हता. वर्षातून दोनदा फाइल काढून ठेवली तर तुमची मेहनत तुमच्याकडे राहते. आणि २०१८च्या सुरुवातीला पळण्या-सायकलिंगची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपच्या नकाशावरून लष्करी तळांचे आराखडे जगाला दिसले होते, तसंच तुमचं घरही दिसू शकतं. पळणं सार्वजनिक ठेवत असाल तर घराभोवतीचा भाग लपवायचं सेटिंग पहिल्या दिवशीच चालू करा, एकट्या पळणाऱ्या बायकांनी तर नक्कीच.

डोक्यात काय होतं

हा तोटा कुठल्या डब्यावर लिहिलेला नसतो. माझी रोज पळायची सलग ९० दिवसांची साखळी झाली होती, ८०व्या दिवसापासून नडगी दुखत होती, आणि साखळी तुटू नये म्हणून मी पळत राहिले. ९१व्या दिवशी पाय टेकवेना. पाच आठवडे बंद. घड्याळाने दुखणं मोजलं नव्हतं, कारण ते त्याला मोजताच येत नाही. त्यानंतर मी साखळ्या, बॅज, "उठा, हला"च्या सूचना सगळं बंद केलं. तुम्हाला अशा गोष्टींनी हुरूप येत असेल तर चालू ठेवा, कितीतरी लोक त्यामुळेच सोफ्यावरून उठले आहेत आणि ते खरंच मोलाचं आहे. फक्त आपण कुठल्या प्रकारचे आहोत हे प्रामाणिकपणे ओळखा.

मग ठरवायचं कसं

कागद घ्या. डावीकडे तुम्ही आठवड्यात खरंच करता ते लिहा, करणार आहात ते नको. उजवीकडे लिहा, कुठला आकडा बघून तुम्ही काहीतरी बदलाल. "विश्रांतीचा ठोका वाढला तर आराम करेन" हे चालेल. "झोपेचा स्कोअर बघायला आवडेल" हे चालणार नाही, त्याला पैसे नकोत. उजवीकडे दोनपेक्षा कमी ओळी भरल्या तर अजून थांबा, फोनमधली पावलं दोन महिने बघा.

नुसतं चालणाऱ्याला साधा फिटनेस बँड भरपूर झाला. जिममध्ये वजनं उचलणाऱ्याला घड्याळाचा उपयोग सेटमधला टायमर आणि विश्रांतीचा ठोका एवढाच, महाग मॉडेल घेऊ नका. पळणारा, सायकल चालवणारा असेल तर स्वतःचं जीपीएस, बटणं, छातीचा पट्टा जोडायची सोय आणि जीपीएसचे तास, या चार गोष्टींवर पैसे टाका. पोहणाऱ्याने तलावात लांबी-फेऱ्या नीट मोजतं का ते बघावं, पाण्याखाली मनगटावरचा ठोका फारसा धरू नये.

घेतल्यावर परत करायची मुदत किती ते बघा आणि ते दिवस तपासणीला वापरा. बसून एकदा, चालून एकदा, पळून दोनदा, जिना चढून एकदा, असे पाच वेळा बोटांनी १५ सेकंद ठोके मोजा, त्याच क्षणी घड्याळातला आकडा शेजारी लिहा. पळून थांबल्यावर ठोका झपाट्याने उतरतो, म्हणून थांबल्या थांबल्या मोजा, मिनिटभराने नको. १५ सेकंदांत एखादा ठोका इकडेतिकडे झाला की चारचा फरक पडतोच, त्यामुळे बसून-चालून चार-पाच आणि पळून आठ-दहापर्यंत फरक असेल तर ठीक. अंतर माहीत असलेल्या रस्त्यावर दोनदा पळा. एक आठवडा नेहमीसारखं वापरून बॅटरी किती दिवसांनी संपली ते लिहा. रात्री घालून झोपा, टोचतंय का बघा, टोचणारं घड्याळ महिन्याभरात ड्रॉवरमध्ये जातं.

आकडे जमले नाहीत तर पट्टा घट्ट करून, हात बदलून अजून एकदा बघा, तरीही नाही जमलं तर संकोच न करता परत द्या. देण्याआधी ॲपमधून घड्याळ काढून टाका आणि मग फॅक्टरी रीसेट करा, नाहीतर काही घड्याळं तुमच्याच अकाउंटला अडकून राहतात आणि पुढच्या माणसाला ती जोडता येत नाहीत.